वीस पावलं मागे

आबांच्या हाताखालून गेलेलं एक तरी मूल नापास झालं, असं डोंबिवली पश्चिमेत कुणी दाखवून द्यावं. चौतीस वर्षं पालिकेच्या शाळेत मास्तरकी केली. निवृत्तीला सोळा वर्षं झाली तरी खिशातलं लाल पेन गेलं नव्हतं, आणि समोर बसलेल्या माणसाला पाढा विचारायची सवयही. त्यामुळे नातीला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावलंय हे कळल्यावर त्यांनी जे केलं, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. त्यांनी तिची तयारी करून घेतली.

नात म्हणजे पायल. अठरावं नुकतंच लागलेलं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. अंग वाढलं, समज सात-आठ वर्षांच्या पोरीपाशी थांबली. विशेष मुलांची शाळा अठरापर्यंत ठेवून घेते, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पायलच्या आईने, दीप्तीने, ते बघायला वर्षभर पायपीट केली होती. शेवटी पालकांच्या गटातली प्रीती कामी आली. या बाईचा मुलगा अपूर्व चाकाच्या खुर्चीत असतो, आणि कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे तिला तोंडपाठ. तिने ठाण्यातली एक कार्यशाळा सुचवली. तिथे अशी मोठी झालेली मुलं कागदी पिशव्या करतात, पणत्या रंगवतात; गाडी सकाळी घराजवळ कोपरला येऊन घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. एक जागा रिकामी होती, आणि संस्थेने ती तीन महिने धरून ठेवायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की अपंगाचा नवा दाखला हवा, चाळीस टक्क्यांच्या वरचा. जुना पन्नासचा होता, पण तो लहानपणचा, मुदत संपलेला.

जागा हुकली तर पायल दिवसभर घरात, सोबतीला चौऱ्याहत्तर वर्षांचे आबा. नाही तर दीप्तीने लॅबमधली नोकरी सोडायची. हे सगळं तिने सासऱ्यांना नीट समजावलं होतं. आबांनी त्यातला 'तपासणी' हा एकच शब्द उचलला.

थर्माकोलचे ठोकळे कापून त्यांनी वर लाल-पांढरा कागद चिकटवला. शाळेत पूर्वी अशीच तपासणी झाली होती तेव्हा ते दाराच्या फटीतून बघत बसले होते, ते सगळं त्यांच्या लक्षात होतं. महिनाभर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रोज दोन तास वर्ग भरला. ठोकळ्यांची नक्षी, चौकोन काढणं, चित्रात काय चुकलंय ते सांगणं. पायलला परीक्षा आवडायची, कारण बरोबर आलं की आबा वहीवर तारा काढायचे.

तपासणीच्या दिवशी दीप्तीला रजा नव्हती आणि धम्मपालची, म्हणजे पायलच्या बापाची, कंपनीत पहिली पाळी होती. आबाच घेऊन गेले. तीन आठवड्यांनी मोबाइलवर दाखला आला. आबांनी चष्मा लावून आकडा वाचला, खाली उतरले आणि पाव किलो पेढे घेऊन आले.

दीप्ती संध्याकाळी जिना चढत होती तर शेजारच्या विमलाबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "पायल पास झाली म्हणे. पन्नासची पंचवीसवर आली. आबा सांगत होते, निम्म्याने बरी झाली."

दीप्तीने तिथेच मोबाइल उघडला. पंचवीस टक्के. पेढा हातात धरून ती पायरीवर बसली.

वर आल्यावर तिने विचारलं, "आबा, आत तुम्हाला काय काय विचारलं?"

"साधंच. आंघोळ स्वतः करते का, कपडे घालते का, दुकानात जाते का, निरोप सांगते का."

"आणि तुम्ही?"

"हो म्हटलं."

"सगळ्याला?"

"मग काय नाही म्हणू? माझ्या नातीबद्दल? परक्या माणसासमोर?"

दीप्तीला भयंकर राग आला. पण वीस वर्षांत ती सासऱ्यांपुढे आवाज चढवून बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. आत जाऊन तिने कुकर लावला.

प्रीतीला फोनवर हे सांगितलं तर ती आधी हसली. "अगं, आमच्याकडे पण झालेलं. माझ्या सासूने सांगितलेलं, आमचा अपूर्व धावतो. रडू नको. फेरतपासणीचा अर्ज टाक, आजच टाक. आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांनाच परत ने, नाहीतर तपासणाऱ्या मॅडमना वाटेल आपण माणूस बदलून आणला. आबांना एवढंच सांग, वाढवून नको, कमी करून पण नको. घरात घडतं तसं सांगा. आपल्याला झाकायची सवय लागलेली असते गं, काय करणार."

आबांना ते पटलं नाही. "म्हणजे पोरीला मुद्दाम नापास करायचं," असं म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. दाखल्याचं बोलणं निघालं की ते उठून गॅलरीत जात. दीप्तीला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार. तो तर होताच. पण आबांच्या मनात दुसरंही एक होतं, आणि ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

शेवटी ते यायला तयार झाले, आणि फेरतपासणीला तिघं गेली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागच्या वेळी तपासणी घेतलेल्या शिवानी मॅडमच होत्या, तिशीतल्या, शांत. त्यांनी आधीचा कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, "ठोकळे परत नाही घेणार. ते तिला पाठ झालेत, माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आज फक्त बोलू. पायल, तू बाहेर बसतेस का?"

"नाही," पायल म्हणाली. "माझी परीक्षा आहे."

मॅडमनी जास्त ताणलं नाही. आंघोळीपासून सुरुवात झाली. या वेळी त्या नुसतं 'करते का' विचारत नव्हत्या. काल केली तेव्हा पाणी कुणी काढून दिलं, बटणं कुणी लावली, असं एकेक. दीप्तीने जे होतं ते सांगितलं. आबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"आजोबा, तुम्ही मागच्या वेळी सांगितलं की ही दूध आणायला एकटी जाते."

"जाते," पायलच बोलली. "रोज जाते. एकटी."

ही त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. चार वर्षं रोज सकाळी पायल पिशवी घेऊन रस्त्यापलीकडच्या डेअरीतून दुधाच्या दोन पिशव्या आणायची. पाहुणा आला की पहिल्यांदा ती हेच सांगायची. दीप्तीही लोकांना हेच सांगायची. बाकी सगळं जड गेलं की तिला स्वतःलाही त्याच एका गोष्टीचा आधार वाटायचा.

"रस्ता कसा ओलांडते?" मॅडमनी विचारलं.

"डावीकडे बघते, उजवीकडे बघते," पायल म्हणाली.

"आजोबा?"

आबांनी बोट फिरवायचं थांबवलं. "बघते," ते म्हणाले. "मी शिकवलंय तसं बघते. पण गाडी येत असली तरी थांबत नाही. बघायचं असतं एवढंच तिला कळतं. कशासाठी, ते कळत नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

दीप्तीने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिने सासूबाई गेल्या त्या दिवशी पाहिला होता, तसा झाला होता.

"मी पाठीमागे असतो," आबा म्हणाले. "वीस पावलं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चार वर्षं. गाडी आली की मी हात करून थांबवतो. रिक्षावाले ओळखतात आता. एकदा मोटारसायकल अंगावर आलेली, तेव्हा दप्तर ओढावं तसं हिला मागे ओढलं आणि इस्त्रीवाल्याच्या टपरीआड गेलो. तिला वाटलं, वाऱ्याने ढकललं."

"मी एकटी जाते," पायल म्हणाली.

"नाही बाळा."

"आबा चुकले." तिने मॅडमकडे बघून सांगितलं. "आबा, चुकलं तुमचं. परत सांगा."

आबांनी परत सांगितलं नाही. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला आणि त्यांनी नाही म्हटलं. पुढच्यालाही नाही. पैसे मोजते का, नाही. हरवली तर पत्ता सांगते का, नाही. एकेका उत्तराला पायल त्यांच्याकडे बघत होती, आणि शेवटी शेवटी तिने बघायचं सोडलं. दीप्तीला फार वाईट वाटलं. चार वर्षं हा म्हातारा सकाळी पाय मोकळे करायला जातो असंच ती समजत होती.

दाखला पन्नास टक्क्यांचा झाला. पंधरा दिवसांत हातात आला आणि जागा पक्की झाली. तो दिवस घरात आनंदाचा होता, पण पेढे कुणी आणले नाहीत. पायल मात्र तपासणीहून आल्यापासून दुधाला गेली नव्हती. पिशवी खुंटीवर तशीच होती. दूध धम्मपाल कामावरून येताना आणायचा. आबांनी एकदा वहीवर तारा काढून तिच्यासमोर धरला. तिने वही मिटून ठेवली.

कार्यशाळेची गाडी सुरू व्हायच्या आदल्या सकाळी ती आपणहून उठली, पिशवी घेतली आणि जिना उतरली. आबा गॅलरीत होते. जावं की न जावं हे त्यांना कळेना. आता लपून जाण्यात अर्थ नव्हता आणि न जाणं जिवावर येत होतं. चपला अडकवून ते निघालेच.

पायल इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभी होती. रस्त्याकडे पाठ करून, त्यांची वाट बघत. ते जवळ आले तशी तिने पिशवी त्यांच्या हातात दिली.

"आज तुम्ही जा," ती म्हणाली. "एकटे."

"आणि तू?"

"मी पाठीमागे आहे."

आबा पुढे निघाले. मागे वळून बघावंसं त्यांना फार वाटत होतं. पण चार वर्षांत तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनीही पाहिलं नाही. मागून तिच्या चपलांची फटफट येत होती. रस्त्याच्या कडेला येऊन त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. उजवीकडून एक टेम्पो येत होता. आबा थांबले.

मागची फटफटही थांबली.