तिसऱ्या दिवशी या

बसंतीबाईंनी हातातले चुडे एकेक करून वर सरकवले आणि हात टेबलावर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं हिरवं गोंदण. विमलताई सिस्टर सुई धरून मोकळी जागा शोधत राहिल्या.

"मावशी, इथं टोचलं तर सूज दिसणार कुठं?"

"पाहा न बापा बारकाईनं. तुरीच्या दाण्याएवढ्या सुजेले कितीक जागा लागते?"

बाकावरची माणसं हसली. जमनी हसली नाही. ती यवतमाळच्या शाळेत मास्तरीण होती. दर रविवारी क्षयाच्या वॉर्डात जाऊन रोग्यांना पत्रं वाचून दाखवायची, लिहून द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. त्याआधी हातावर ही चाचणी करून घ्यावी लागे. सूज किती येते ते पाहून वॉर्डात सोडायचं की नाही ते ठरे. आईला तिनं सहज सांगितलं, तर बसंतीबाई तांड्यावरून सकाळच्या मोटारीनं हजर. वॉर्डातल्या बंजारा बायकांना मराठी धड येत नाही, त्यांच्याशी बोलायला मीही येते, म्हणाली. आरसे लावलेला घागरा, घुंगरांची ओढणी, काही म्हणता काही घरी ठेवलं नव्हतं.

"ह्या कोण तुमच्या?" सिस्टरांनी रजिस्टर पुढं ओढलं.

"आमच्या गावाकडच्या आहेत," जमनी म्हणाली.

क्षणभर चुडे वाजायचे थांबले.

"हाव," बसंतीबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाई मोठ्या शिकेल हायत. मी त्याईच्या गावची."

जमनीची पाळी आली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले.

"मास्तरीणबाई, भेता काहून? मुंगी चावली समजा!"

बाक पुन्हा हसला.

"खाजवायचं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी या," सिस्टर म्हणाल्या. "पट्टीनं मोजून पाहू."

जमनी कार्ड घ्यायला खिडकीशी जाऊन आली, तोवर आईची सिस्टरांशी गट्टी जमली होती.

मोटारस्टँडवर बसंतीबाई फुटाणेवाल्यापाशी थांबल्या.

"मास्तरीणबाई, गावच्या बाईले फुटाणे घेऊन द्यान का नाही?"

"याडी, पुरे न आता," जमनी पुटपुटली. घरच्या बोलीतला हा आईसाठीचा शब्द शहरात तिच्या तोंडून हळूच निघे. पुडा घेऊन दिला. गुरुवारी सिस्टरांना खरं सांगीन, हे ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मोटार सुटली. बसंतीबाई खिडकीतून फुटाणे खात, हात हलवत गेल्या.

बुधवारी सकाळी गोठ्यातलं शेण काढताना त्या जरा खाली बसल्या, आणि उठल्याच नाहीत.

तीन आठवड्यांनी जमनी दवाखान्यात आली. हातावर टोचल्याची खूणही उरली नव्हती.

"आता पुन्हा टोचावं लागणार," सिस्टर म्हणाल्या. "अन् तुमच्या आई कुठं आहेत? त्यांचाही हात पाहायचा राहिला. त्या दिवशीच्या बायका येतात तेव्हा विचारतात, ती हसवणारी कवा येते म्हणून."

जमनीनं मान वर केली.

"आई... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच! तुम्ही खिडकीशी गेलात ना, तेव्हा. 'पोरगी हाय माही. चार लोकात सांगाले लाजते. तुमी नोका बोलू तिले, सांगन थे सोताहून.'" सिस्टर आठवून हसल्या. "भारी बाई हो!"

"ती गेली," जमनी म्हणाली. "त्याच बुधवारी."

स्पिरिटचा बोळा सिस्टरांच्या बोटांत तसाच राहिला. जमनीनं बाही कोपराच्या वर नेली, हात टेबलावर ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सिस्टर, त्या दिवशी मला माझ्या याडीची लाज वाटली होती."