गाण्याच्या दिवशीचं मौन

ओर्नेला झांब्रेलीबद्दल इटलीतल्या पार्मा शहरात दोन मतं होती. थिएटरातले म्हणत, बाई प्रयोगशाळेतली, हौसेने गाते. प्रयोगशाळेतले म्हणत, बाई थिएटरातली, फावल्या वेळात बुरशी मोजते. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हे मत तिच्या आईचं, आणि ती ते पाहुण्यांसमोर ऐकवायची. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधे पडतो, हे ओर्नेलालाही ठाऊक होतं. पण वीस वर्षं ती पडली नव्हती आणि याचा तिला चांगलाच ताठा होता.

गुरुवारी ती पडली. कुणाला दिसलं नाही इतकंच. टोमॅटोवरच्या बुरशीची वाढ रोज संध्याकाळी सहाला मोजायची, हा तिनेच घातलेला नियम. गुरुवारी नेमकी सहालाच रंगीत तालीम आली. शुक्रवारी सकाळी तिने बुधवारचा आकडा पाहिला, अंदाज बांधला आणि गुरुवारच्या रकान्यात शोभेलसा आकडा लिहून टाकला. रकाना कोरा ठेवला असता तरी निभावलं असतं. पण कोऱ्या रकान्याची तिला लाज वाटली, खोट्याची वाटली नाही. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं.

रविवारी दुपारी साडेतीनला तिचा ऑपेरा होता. गाण्याच्या दिवशी गायकाने पडदा उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि इतरांनी त्याला मनस्ताप द्यायचा नाही, ही तिथली जुनी रीत. पार्मात पाववालासुद्धा ती पाळतो. गळ्याला गुंडाळलेला रुमाल पाहिला की न विचारता पाव बांधून देतो. बुरशीवरचा शोधनिबंध सोमवारी जायचा होता म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक रावाझोनींनी सकाळी बोलावलं, तेव्हा ओर्नेला रुमाल गुंडाळून आणि लिहायला छोटी पाटी घेऊनच गेली.

रावाझोनींच्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या. एक तिची. दुसरी इव्हानोची. इव्हानो एकतीस वर्षं प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळत आला होता, निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्याच्या वहीत लिहिलं होतं: गुरुवार, बुरशीचं उबेचं कपाट दुपारी बारापासून बंद, आत गारठा, साडेसहाला सुरू केलं.

"गारठ्यात बुरशी वाढते का हो, इव्हानो?" रावाझोनींनी विचारलं.

"नाही वाढत, साहेब."

"इथे तर वाढलेली दिसतेय, रोजच्यासारखी. तारीख चुकलात तुम्ही."

"गुरुवारच होता साहेब. गुरुवारी आमच्याकडे जेवायला बटाट्याची न्योक्की असते. कपाटापायी उशीर झाला आणि बायकोने गारढोण वाढली."

"मग काय, डॉक्टर झांब्रेली मनाचे आकडे लिहितात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

इव्हानोने ओर्नेलाकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग रुमालाकडे. पाटी तिच्या हातातच होती, खडूही होता. 'आकडा माझा, खोटा' इतकंच लिहायचं होतं.

"मीच चुकलो असेन," इव्हानो म्हणाला. "वय झालं."

"म्हणजे गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सगळ्याच नोंदी आता तपासायला हव्यात. कपाटांच्या चाव्या इथे ठेवा."

कडीतून एकेक चावी सोडवत इव्हानोने नऊच्या नऊ टेबलावर ठेवल्या. ओर्नेलाने पाटीवर लिहिलं, 'मला निघायला हवं. थिएटर.' रावाझोनींनी हसून मान डोलावली. ती जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. गळा जपायचा म्हणून गप्प राहिले, असं ती मनाला सांगत होती आणि मन ऐकत नव्हतं.

दुपारी आवाज असा लागला की तिचा तिलाच राग आला. देवाला काही लाज असती तर निदान वरचा एक सूर तरी फाटला असता! पार्माच्या गॅलरीतले लोक तसे कुणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. सूर सुटला की सरळ हुर्यो करत शिट्ट्या मारतात. आज टाळ्या थांबेनात. त्यात वरून एक ओळखीचा घोगरा आवाज आला, "शाबास, डॉक्टरबाई!" इव्हानो पंधराव्या वर्षापासून त्या गॅलरीत बसत आला होता. ओर्नेला वाकून नमस्कार करत होती, आणि वर मान करायचा तिला धीर होईना.

मागच्या दारापाशी इव्हानो गॅलरीतल्या चार मित्रांना घेऊन उभाच होता. त्यातला ओरेस्ते नावाचा म्हातारा पुढे झाला. "काय ताजा आवाज हो बाई! सकाळपासून तोंड उघडलं नसेल."

"नाही," ओर्नेला म्हणाली. "एक शब्दही नाही."

मग तिथेच, त्या पाचही जणांसमोर तिने रावाझोनींना फोन लावला. "गुरुवारी मी मोजमाप केलंच नाही. आकडा मनाने लिहिला. इव्हानोची नोंद खरी आहे. निबंध पाठवू नका." पलीकडून प्रश्न आला, सकाळी समोर उभ्या होतात, तेव्हा? रीत, रुमाल, गळा, सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. "घाबरले," ती म्हणाली. फोन तिकडूनच बंद झाला.

म्हातारे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. ओर्नेला इव्हानोकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"गाण्याच्या दिवशी गायकाला कोण दुखवतं, डॉक्टरबाई?" इव्हानोने टोपी डोक्यावर नीट बसवली. "पण चाव्या मी मुद्दाम एकेक करून काढल्या. अख्खी कडीच ठेवता आली असती. म्हटलं, बाईंना लिहायला वेळ मिळावा."

ओरेस्तेने त्याला हाक मारली. तो मित्रांबरोबर निघून गेला.