चपलांजवळची जागा

कापणीच्या सणाची सकाळ. कापल्या ज्वारीच्या रानावर कोवळं, केशरकांती ऊन उतरलं होतं. पिवळ्या पेंढ्या, निळं निरभ्र आभाळ. आणि त्या निळ्या-पिवळ्याच्या सीमेवर, चुन्यानं नुकतंच धवळलेलं शुभ्रशांत ख्रिस्तमंदिर. घंटा वाजली. साळुंक्या उडाल्या. उपकारस्तुतीच्या गीतावर धूळसुद्धा सुवर्णरेणू होऊन तरंगत राहिली.

उपासनेनंतर प्रीतिभोजन. मंदिराच्या सोप्यात पंगत बसली. पंगतीच्या शिरी पाळकसाहेब. शेवटी पायरी, पायरीशी चपलांचा ढीग. त्या ढिगाजवळची जागा शलोमीबाईंची.

कुणी दिली नव्हती. त्यांनीच मागून घेतली होती. वैधव्य आलं, मंदिराची सेवा आली, तेव्हापासून पहाटे गुडघे टेकून एकच मागणं : ‘प्रभू, मला शेवटची कर.’ मग मंदिर झाडावं, आजाऱ्यांची अंथरुणं धुवावीत. सणाला सर्वांना वाढावं, सर्वांच्या मागून बसावं, आणि गुळाच्या भाताची तळाची करपलेली खरवड तेवढी आपल्या पत्रावळीवर घ्यावी. पाहणारे म्हणत, “बाई म्हणजे नम्रतेची मूर्ती!” शलोमीबाई पापण्या मिटून घेत, आणि मिटल्या पापण्यांआड ते शब्द दिव्यासारखे जपून ठेवत.

आज वाढून झालं. पदराला हात पुसत त्या वळल्या. आणि जागच्या जागी थिजल्या.

चपलांजवळ कुणी बसलं होतं.

केराबाई. खाणीवर दगड फोडणारी, सणाला पहिल्यांदाच आलेली. धुळीनं धूसर केस, भेगाळलेली बोटं. आणि पत्रावळीवर, पाळकीणबाईंकडून मागून घेतलेला, खरवडीचा काळा-सोनेरी तुकडा.

“ऊठ तिथनं! ती माझी जागा आहे!”

घास हातात थांबले. पाळकीणबाईंच्या हातातली पळी कलली. आमटी थेंब थेंब ठिबकत राहिली. कोण ओरडलं? शलोमीबाईंनी दचकून मागं पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.

आवाज त्यांचा होता. तो कर्कश, कातरधार आवाज त्यांचाच होता! आणि ती जागा? ती जागा कुठली. ते तर आसन होतं. चपलांच्या चामड्यानं मढवलेलं, धुळीची झालर लावलेलं, उंच, फार उंच सिंहासन.

केराबाई पत्रावळ छातीशी धरून उठली. “चुकलं बाई. मला वाटलं, हितं कुनी बसत नसंल.” आणि पायरी उतरून उन्हात निघाली.

“थांब गं माय!” शलोमीबाई पायरीशी धावल्या. “बस. जागा तुझीच.”

पंगतीत आता एकच जागा रिकामी होती : शिरी, पाळकसाहेबांशेजारी. दर सणाला मांडलेली, दर सणाला बाईंनी हात जोडून नाकारलेली. त्या निघाल्या. शेवटाकडे जाणं किती सोपं होतं! हा सोपा मात्र संपता संपेना. प्रत्येक चेहरा पाहत होता. प्रत्येक चेहऱ्यावर तोच आवाज अजून थरथरत होता.

त्या बसल्या. पुढ्यात कोरी पत्रावळ. त्यांच्या वाढणाऱ्या हातांना वाट पाहणं ठाऊक नव्हतं. ते मांडीवर परक्यासारखे पडून राहिले.

मग धुळीनं माखलेली पावलं समोर थांबली.

“बाई, या समद्या म्हंत्यात, तुमालाबी खरवड आवडती? मला तर लई! घ्या की निम्मी.”

आवडती? आजवर बाईंनी त्या आवडीला त्याग म्हटलं होतं.

कधी न पसरलेली ओंजळ हळूच पसरली. तुकडा मोडला, अर्धा ओंजळीत उतरला. कोमट, दगडाच्या धुळीचा वास ल्यालेला. पहाटेची प्रार्थना ओठांशी आली आणि तिथंच विरली. दारातून ऊन आत आलं. चपलांवरून, पंगतीवरून, त्या ओंजळीपर्यंत आलं.

बाईंनी खरवड तोंडात घातली. गोड, करपट, आणि गोड.