डॉक्टरसाहेबांचा पहिला मान

वरून अक्कल वाटली जात होती तेव्हा अबू मुहन्नद बहुतेक कॉफी पीत बसला असणार, असं रुबाचं ठाम मत होतं. हा जॉर्डनमधल्या इर्बिदच्या प्रशिक्षण केंद्राचा संचालक. ‘डॉक्टर’ म्हटलं नाही तर त्याला ऐकू यायचं नाही, आणि डॉक्टरकी आणली कुठून, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

दुपारी परीक्षा होती. तिचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरून प्रयोगशाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर एकदम पाठवायचं, एवढंच करारावरच्या रुबाचं काम. पण सकाळपासून ते गोगलगाईच्या चालीनं चाललं होतं. परीक्षक अम्मानहून आलेला. दुपारच्या नमाजापर्यंत परीक्षा सुरू झाली नाही तर तो उठून जाणार, मग सगळ्यांना अम्मान गाठावं लागणार. व्हरांड्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली ताटकळत होत्या.

"अम्मानला कोण पाठवतंय मला?" त्यांतली हदील रडवेली होऊन म्हणाली. "इथवर यायलाच बाबांच्या नाकदुऱ्या काढल्यात. आज हुकलं तर चुलतभावाशी निकाह लावून मोकळे होतील."

रुबानं आधी केबलवाल्याचा उद्धार केला, मग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या उम्म सखरचा. "तुझ्या धुळीनं कॉम्प्युटर गुदमरलेत, बाई!"

"माझी धूळ? रोज पुसते मी!" उम्म सखर फणकारली. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

ते रुबाला चांगलंच झोंबलं. ती पुन्हा पडद्यासमोर बसली आणि सकाळीच दिसायला हवं होतं ते तिला आत्ता दिसलं. सगळे कॉम्प्युटर एकाच टक्क्यावर अडले होते. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. सगळ्यांना एकत्र पाठवायचं म्हटलं की जो सगळ्यांत मंद, त्याच्यासाठी बाकीचे खोळंबतात. आता या केंद्रात सगळ्यांत मंद कोण, हे काय सांगायला हवं?

"आधी माझ्या खोलीतला!" अबू मुहन्नदनं सकाळी फर्मावलं होतं. "संचालकाच्या आधी पोरींना? लोक काय म्हणतील?" ब्याद टळावी म्हणून रुबानं त्याचाही कॉम्प्युटर जोडून टाकला होता. साऱ्या इमारतीत नव्या तारा घातल्या गेल्या, तेव्हा या महाशयांनी दमास्कसचा शिंपल्यांच्या नक्षीचा सोफा हलवू दिला नव्हता. त्यामागची जुनाट तार तशीच राहिली. मूर्ख तो, आणि त्याला मान डोलावणारी मी दीडशहाणी, असं पुटपुटत ती त्याच्या खोलीत शिरली.

"डॉक्टरसाहेब, तुमचा कॉम्प्युटर काढते. त्याच्यापायी सगळे अडलेत."

"काढतेस? मनसफच्या मटण-भाताच्या परातीवरून वडीलधाऱ्याला उठवशील का, मुली?"

"वडीलधारा चघळत बसला आणि बाकीचे उपाशी मरायला लागले, तर उठवीन."

"जीभ आवर! तारेला हात लावलास तर तुझा करार संपला समज."

"आणखी एक ऐका. नवं चढवताना यातलं जुनं सगळं पुसलं गेलंय. आत्ता काढला तर हा सुरूच होणार नाही. परीक्षा झाली की नीट करून देते."

"खबरदार!"

रुबानं त्याच्या डोळ्यांदेखत सोफ्यामागे हात घातला आणि तार उपटली.

ती प्रयोगशाळेत परतेपर्यंत टक्के भराभर चढायला लागले होते. अजान व्हायच्या आत हदील पहिल्या रांगेत बसून उत्तरं लिहीत होती. रुबानं उम्म सखरची माफी मागितली. करार अर्थातच गेला. नीट करून द्यायलाही त्यानं तिला कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही.

सामान आवरून ती निघाली, तेव्हा संचालकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. परीक्षक सोफ्यावर कॉफी घेत होता. कॉम्प्युटरची पाठ त्याच्याकडे होती.

"कमाल आहे, डॉक्टरसाहेब! सगळं वेळेवर झालं."

"आमची शिस्तच आहे तशी," अबू मुहन्नद म्हणाला. "आधी मी माझ्या कॉम्प्युटरवर चालवून बघतो, मगच पोरींना देतो. बघा ना, कसा पळतोय!" आणि काळ्याठिक्कर पडद्यावर नजर रोखून तो दोन्ही हातांनी भराभर टाइप करत राहिला.