कागदी लोकरीचा जबाब

मित्रांनो, मी जुनी आहे, हे मला मान्य आहे. मी कचरा आहे, हे मात्र मुळीच मान्य नाही. फिनलंडमधल्या सावो भागात, एका लाकडी घराच्या माळ्यावर मी चाळीस वर्षे पसरलेली आहे. मी कागदी लोकर. मेंढीशी माझे काही नाते नाही. माझा जन्म रद्दी वर्तमानपत्रांतला.

निवडणुकांचे निकाल, हॉकीतले पराभव, लग्नाच्या नि मरणाच्या बातम्या, सगळे कारखान्यात एकत्र दळले आणि त्याची राखाडी लोकर झाली. चटकन पेट घेऊ नये, बुरशी धरू नये म्हणून माझ्यात टाकणखार मिसळला. मग मला यंत्रात पिंजले आणि जाड नळीतून माळ्यावर फुंकले. माणसाचा हात पोचणार नाही अशा फटींत मी जाऊन बसले.

ऊब मी तयार करत नाही. चुलीने केलेली ऊब निसटू देत नाही, एवढेच माझे काम. शेजारच्या छपरावरचा बर्फ आतल्या उबेने वितळायचा आणि कडेला हातभर लांब सुळे लटकायचे. आमच्या छपरावरचा बर्फ मात्र जसाच्या तसा. घरमालक ओलावी अंगणातून वर बघत बायकोला म्हणायचे, "हिल्का, बघ, आपलं घर कसं टोपी घालून बसलंय!"

ओलावी गेले आणि माझी विचारपूस संपली. कोणी आठवण काढली नाही, पण मी काम सोडले नाही.

या हिवाळ्यात हिल्काबाईंच्या निजायच्या खोलीत, छताच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उमटला. कुबट वास येऊ लागला. शहरातून जावई यार्मो आला आणि डाग पाहताच निकाल देऊन मोकळा झाला.

"आई, वरचा तो कुजका कागद आधी बाहेर काढू. सगळा रोग तिथंच आहे."

"जावईबुवा, वर चढून बघितलंत का?"

"त्यात बघायचंय काय? कागद आहे, ओला होणारच!"

चाळीस वर्षांची नोकरी, आणि चौकशीसुद्धा नाही! चार दिवसांनी मेर्वी नावाची कारागीर आली. तिच्याजवळ मला ओढून घेणारी नळी होती आणि रिकामी पोती होती. खरे सांगते, त्या पोत्यांची तोंडे पाहून माझा धीर खचला होता.

"सगळं ओढून घ्या," यार्मो खालून ओरडला.

"घेते हो. आधी हात तर घालू द्या!"

मेर्वीने कोपरापर्यंत हात माझ्यात खुपसला, मूठ भरून दाबली, हुंगली. "ही तर कोरडी ठणठणीत आहे!" मग ती रांगत डागाच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे मी खरोखरच ओली होते. आणि तिथेच वळचणीच्या फटीत चिंध्यांच्या सतरंज्या गच्च कोंबलेल्या होत्या.

"या कोणी कोंबल्या?"

खालून हिल्काबाई म्हणाल्या, "मी. गेल्या साली. आईनं विणलेल्या होत्या. दर उन्हाळ्यात तळ्यावर नेऊन घासायचे. विटल्या, पण टाकवेनात. त्या फटीतून वारा यायचा, म्हटलं तिथं तरी कामी येतील."

"या वयात शिडीवर चढलात?" यार्मो चिडला.

"तुम्हाला विचारलं असतं तर चढू दिलं असतंत?"

मेर्वी हसली. "आजी, तो वारा घरासाठी नाही, माळ्यासाठी आहे. खालून वर आलेली वाफ तोच बाहेर नेतो. तुम्ही त्याची वाट बुजवलीत. मग वाफ थंड छपराला लागली, तिचं पाणी झालं आणि लोकरीवर ठिबकलं."

यार्मो तरी हटेना. "आता आलाच आहात, तर जुनी काढून सगळी नवीनच भरा."

"जुनी झाली म्हणून?" हिल्काबाई म्हणाल्या. "मग एक पोतं माझ्यासाठीही उघडा!"

यार्मो मुकाट शिडी धरायला गेला.

ओल्या कोपऱ्यातली दोन पोती गेली. ती माझीच होती, वाईट वाटले. सतरंज्या निघाल्या, वारा खेळू लागला. इतक्या वर्षांत मी वीतभर खाली बसले होते, हेही कबूल करते. म्हणून मेर्वीने माझ्यावर नव्या लोकरीचा थर फुंकला. दडपली बिचारी, असे कोणी म्हणू नका. घराला सर्वांत जवळ अजून मीच आहे.

मित्रांनो, मला शाबासकी नको. वर्षातून एकदा दिवा घेऊन वर या. वळचणीची फट मोकळी ठेवा. आणि कुठे डाग दिसला तर आधी कारण शोधा. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी खापर फोडू नका.

उद्यापासून उणे तीस अंशांची थंडी पडणार, असे खाली रेडिओवर सांगत आहेत. पडू दे.