सेल्मोने भरलेला बारोंग

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि सेल्मोचं जीपनी, म्हणजे प्रवाशांची गाडी, चालवणं सुटलं. उजवा हात थरथरायचा, ब्रेकवरच्या पायाचा भरवसा उरला नव्हता. त्यांच्या लुंबान गावात घरोघरी भरतकाम चालतं. त्याची बायको पेतांग तर बारोंगच्या, म्हणजे तिथे पुरुष लग्नकार्यात घालतात त्या झिरझिरीत सदऱ्याच्या, छातीवरची फुलं लहानपणापासून भरत आलेली. नवरा दिवसभर पंख्याखाली बसून कुरकुर करायला लागला, तेव्हा तिने वैतागून त्याच्या हातात सुई दिली.

"घे. हाताला तेवढाच व्यायाम."

आधी नुसतं बोटांतून रक्तच यायचं. मग त्याला नाद लागला. लेकीचं, मारिविकचं लग्न ठरलं तेव्हा त्याने जाहीर केलं, "माझा बारोंग मीच भरणार."

मारिविकचा चेहरा पडला. "ताताय, त्यांच्याकडचे सगळे कोट घालणार आहेत. तुमच्यासाठीही सांगितलाय मनिलाला."

"मे महिन्यात कोट? मला काय भाजून काढायचंय?" सेल्मो म्हणाला. मग जरा थांबून, "हे बघ पोरी, माझ्या लग्नात बारोंग घातला तो भाड्याचा. आता पुढचा घालतील तो शवपेटीत. मधला एक तरी माझा असू दे की."

मारिविकने कोटाचा विषय सोडला. पेतांगने अननसाच्या धाग्याचं पातळ कापड आणून चौकटीवर ताणून दिलं. सेल्मो रोज सकाळी दारात बसून भरायचा. जुने ड्रायव्हर मित्र डोकावून जायचे. "फुलं आहेत की झुरळं रे?"

पेतांगला हसू येत नव्हतं. वाकड्या पाकळ्या बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. दुपारी तो झोपला की ती हळूच एखादी उसवायची आणि पुन्हा भरायची.

एके दिवशी सेल्मोने कापडावर बोट टेकवलं. "ही पाकळी माझी नाही."

"असं काय करतोस?"

"पेतांग, माझ्या हाताला इतकी सरळ रेघ येतच नाही."

ती चिडली. "सगळं गाव माझं काम ओळखतं! लोक म्हणतील, पेतांगचा हात गेला."

"मग सांग त्यांना, सेल्मोचा हात आला."

तो तिच्या पाकळ्या उसवायला बसला. कापड कांद्याच्या सालीसारखं. एका जागी टर्रकन फाटलं. मग त्यानेच विचारलं, "इथे पान बसेल का गं?"

तिने पेन्सिलीने पान काढून दिलं, कापड धरून ठेवलं. भरलं त्याने.

लग्नात चर्चमधले पंखे पुरेनात. मारिविक बापाचा हात धरून वेदीकडे निघाली, त्याच्या ओढत्या पायाच्या चालीने, सावकाश. बाहेर फोटोवाला म्हणाला, "काका, एका फोटोपुरता कुणाचातरी कोट चढवता का? सगळे सारखे दिसतील."

"नाही चढवणार," मारिविकच म्हणाली. "घ्या तुम्ही फोटो."

व्याही घामाने निथळत होते. ते जवळ येऊन वाकून बघायला लागले. "कुठून घेतलात हो?"

"मीच भरलाय. फुलं वाकडी आहेत, हात थरथरतो माझा."

व्याह्यांनी पुन्हा एकदा पाहिलं आणि आपला कोट काढून खुर्चीवर टाकला.

जेवताना सेल्मोच्या हातून भाजलेल्या डुकराचा रस्सा बाहीवर सांडला. पेतांग ताडकन उठली. "काढ, आत्ताच्या आत्ता धुते!"

"अगं, जेवू दे की आधी," सेल्मो म्हणाला, आणि त्याने ताट पुढे ओढलं.