त्यांच्यातला अंतराळवीर

सुजीत गोरा होता, बँकेत होता, पत्रिकाही जुळत होती. मंदीत बँकेने त्याला काढलं, तेव्हा तो कर्ज आणि शुभ्राशी ठरलेलं लग्न दोन्ही दुबईत टाकून रातोरात मुंबईला पळाला. तरी तिच्या आत्या, कुंदाताई, अजून म्हणायच्या, "पोरगा चांगला होता गं, दिवस वाईट."

पुढच्या वर्षी छायाच्या शुभ्राने राफाएलचं नाव काढलं. दोघं जबल अली बंदरातल्या एकाच कंपनीत. तो डॉमिनिकन रिपब्लिकचा, आणि काळा. 'सावळा' म्हणून वेळ मारून नेता येईल असा नव्हे, चांगला तुकतुकीत काळा. छायाने आधी रडून घेतलं. मग त्याला जेवायला बोलावलं. त्याने आमटी मागून मागून ओरपली, वर भांडी विसळली. तिचा विरोध तिथेच विरघळला.

अडचण नणंदेची होती. छायाच्या नवऱ्याची, विजयकुमारची, नोकरी गेली तेव्हा कुंदाताईंच्या यजमानांनी, वासुदेवरावांनी, त्याला रास अल खोरच्या आपल्या गोदामावर मॅनेजर नेमलं. व्हिसा त्यांचा, तो काढून घेतला की दुबई सुटली, म्हणून घरातल्या लग्नांचा होकारही त्यांचाच.

छायाने धाकट्या ईशानीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "शोध, यांच्यात, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांत, मोठं कोण कोण झालंय."

"Mummy, they're not his relatives!"

"मग आपल्यातला कोणी जज्ज झाला की आत्या सख्खा भाऊ झाल्यासारखी पेढे वाटते, ते?"

शुक्रवारी छायाच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये कांदेपोह्यांचा घाट घातला. कुंदाताईंनी राफाएलला भाजीवाल्याकडची वांगी बघावीत तसं न्याहाळलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत छाया सुरू झाली.

"वन्सं, यांच्यात एक अंतराळात जाऊन आलेत. तमायो मेंदेस, क्यूबाचे. गेरेरो म्हणून मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी गुलामगिरी बंद केली. सेलिया क्रूस गायची तेव्हा अख्खं जग नाचायचं. आणि ते क्लेमेंते, बेसबॉलवाले, भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघाले आणि विमान पडून गेले बिचारे."

"अगंबाई!" कुंदाताईंनी पदर सावरला. "अंतराळवाले नात्यात कोण लागतात?"

छायाने बशीत आणखी पोहे वाढले. पण राफाएल जबल अलीच्या ड्रायव्हरांकडून हिंदी शिकला होता. प्रश्न त्याला अंदाजाने कळला.

"कोई नहीं, आंटी. मेरा पापा बस चलाता है."

कुंदाताईंचा पदर पुन्हा ढळला. "ड्रायव्हर? छाया, अगं मुलं कशी निपजतील, याचा तरी विचार केलास?"

शुभ्रा आत्याकडे नाही, आईकडे वळली. "सुजीतच्या वेळी गं? त्याच्यासाठी कुठला राष्ट्राध्यक्ष शोधला होतास?"

छायाने बशी खाली ठेवली. पोरीने नेम बरोबर धरला होता. भांडी विसळणारा हा मुलगा तिला एकटा पुरेसा वाटला नव्हता. म्हणून तिने पाठीशी अख्खी मिरवणूक उभी केली होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "वन्सं, याचा बाप बस चालवतो, हा मालाच्या बोटींचं बघतो, आणि शुभ्रा याच्याशीच लग्न करणार आहे. तुम्ही आलात तर आनंद आहे."

"आणि नाही आले तर? व्हिसा कुणाचा आहे, विसरलीस वाटतं."

जन्मभर "ताई म्हणेल तसं" म्हणणाऱ्या विजयकुमारने खिशातून गोदामाच्या चाव्या काढून टीपॉयवर ठेवल्या.

कुंदाताईंनी मनात हिशेब मांडला. एवढ्या पगारात तीन माणसांचं काम करणारा मॅनेजर दुबईत दुसरा मिळणार नव्हता, मंदी असो नाहीतर तेजी.

"उचल त्या. नाटकं नकोत," त्या अखेर म्हणाल्या. "मानपानात काही कमी चालणार नाही. आणि फोटोत याला माझ्या शेजारी उभं करू नका."

"क्या बोला?" राफाएलने विचारलं.

शुभ्रा उसळून बोलणार, तोच छायाने तिचा हात दाबला.

"शादी में आएगी, बोला," ती म्हणाली. फोटोवाल्याला काय सांगायचं, ते तिने मनात तेव्हाच ठरवून टाकलं होतं. वन्सं मधोमध, आणि जावई त्यांना अगदी खेटून.